फळं हवीत तर कात्री आवरा

नर्सरीत डॉगवुड या थंड हवेतल्या शोभेच्या झुडपाच्या कुंडीला जी चिठ्ठी अडकवलेली असते, तिच्यावर बहुतेक वेळा तीन फोटो असतात. एकात पांढऱ्या कडांची पानं, दुसऱ्यात पांढऱ्या फळांचे झुबके, तिसऱ्यात बर्फातून वर आलेल्या लालभडक काड्या. एवढ्याशा चिठ्ठीवर एवढं सगळं दिसल्यावर माणूस कुंडी उचलतोच. मीही उचलली. त्यातलं एकही चित्र खोटं नाही, हे आधीच सांगते. पण लाल काडी असते पहिल्या वर्षाची, आणि फूल-फळ लागतं दुसऱ्या वर्षापासून. झुडूप दर वसंतात मुळाशी छाटलं, तर काडीला दुसरं वर्ष दिसतच नाही. आणि बागकामाच्या बहुतेक सल्ल्यांत नेमकं तेच लिहिलेलं असतं: दर वसंतात मुळाशी छाटा.

मी तसं करत नाही. का, ते सांगायला हा सगळा पसारा.

माझं झुडूप म्हणजे कॉर्नस आल्बा ‘एलेगँटिसिमा’. मूळ जात सायबेरिया, उत्तर चीन, कोरिया या पट्ट्यातली, पानगळीची. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७६७ मध्ये तिला हे नाव दिलं. तिच्या पांढऱ्या किंवा पिवळ्या कडांच्या बऱ्याच बागायती जाती आहेत: पिवळ्या कडेची ‘स्पेथी’, जरा आटोपशीर राहणारी ‘सिबिरिका व्हेरिगाटा’, आणि ही माझी. कुंडीत बिचारी गुडघ्याएवढी दिसते, म्हणून लोक ती भिंतीला चिकटून लावतात. मोकळी सोडली तर अडीच मीटर उंच होते आणि तेवढीच आडवी पसरते.

पानं समोरासमोर, जोडीजोडीने येतात. शिरा देठाकडून निघून कडेच्या दिशेने जातात आणि कडेला न भिडता वळून टोकाकडे धावतात. एक पान दोन्ही हातांत धरून आडवं, अगदी हळू फाडून बघा. तुकडे सुटे होतात, पण खालचा पडत नाही. शिरांमधून निघालेल्या केसापेक्षा बारीक, चंदेरी तंतूंवर तो लोंबकळत राहतो. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांना आतून वेटोळ्याचं अस्तर असतं, ते उलगडून लांबतं. चिठ्ठी हरवलेलं झुडूप डॉगवुड आहे का, हे मी असंच ठरवते. लहान मुलं घरी आली की मात्र झुडपावर पान उरत नाही.

सासऱ्यांनी आयुष्यभर शेती केली. त्यांनी झुडपाला एक फेरी मारली आणि म्हणाले, “अगं, याला केवडा पडलाय. उपटून टाक, नाहीतर बाकीच्यांना लागेल.”

“बाबा, हा विकतचा केवडा आहे.”

“विकतचा?”

त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. पानावरचा हिरवा रंग उडाला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि यायलाच हवा. भेंडीवरचा केवडा विषाणूचा असतो, पांढरी माशी तो पसरवते. शोभेची काही झाडंही खरोखर आजारीच असतात: पिवळ्या ठिपक्यांच्या पानांचं अब्युटिलॉन विकलं जातं, त्याचे ठिपके विषाणूमुळेच पडलेले असतात. डॉगवुडचं मात्र तसं नाही. इथे रोग नाही, जंतू नाही. झाडाच्या आतच दोन वेगळ्या प्रकारच्या पेशी नांदताहेत.

कोंबाच्या शेंड्यावर, जिथून पुढची सगळी पानं आणि काडी घडते, तिथे पेशींचे थर असतात. सर्वांत वरच्या थराची पानावरची कातडी होते. तिला तसाही फारसा रंग नसतो. त्याखालच्या दुसऱ्या थरातून पानाचा वरवरचा गर बनतो, आणि पानाची कड तर जवळजवळ पूर्ण याच थराची असते. तिसऱ्यातून पानाच्या मधल्या भागाचं आतलं पोट बनतं. पांढऱ्या कडेच्या झाडात या दुसऱ्या थराला हरितद्रव्य बनवता येत नाही. म्हणून कड पांढरी. मध्ये मात्र आतला हिरवा थर असतो आणि त्यावर रंगहीन थराचा पापुद्रा. एलेगँटिसिमाच्या पानाचा मध्यभाग कधी तजेलदार हिरवा दिसत नाही, त्यावर एक राखाडी झाक असते, ती या पापुद्र्यामुळे. पान उन्हासमोर धरलं की दोन रंगांच्या मध्ये तिसरी, फिकट हिरवी पट्टीही दिसते.

अशा मिश्र झाडाला ‘कायमेरा’ हे नाव हान्स विंकलर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये दिलं. त्याने टोमॅटो आणि कामोणी यांचं कलम करून अर्धा टोमॅटो, अर्धी कामोणी असा कोंब मिळवला होता. दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, एर्विन बाऊर याने पांढऱ्या कडेच्या पेलार्गोनियमवर (नर्सरीत ज्याला जिरेनियम म्हणतात) काम करून दाखवलं, की हे थर एकावर एक कातडीवर कातडी चढवल्यागत बसलेले असतात. त्याच वर्षी कार्ल कोरेन्सने गुलबक्षी घेतली. ठिपकेदार गुलबक्षीच्या पांढऱ्या फांदीवरच्या फुलाला बी धरलं तर रोपं पांढरी, हिरव्या फांदीवरच्या फुलाला धरलं तर हिरवी, आणि ठिपक्यांच्या फांदीवर तिन्ही तऱ्हा. पराग कुठून आणला याने काहीच फरक पडत नव्हता, सगळं आईकडून येत होतं. गुलबक्षीसारख्या दारातल्या झाडाने आनुवंशिकतेच्या तेव्हाच्या नियमांना पहिला मोठा अपवाद दाखवावा, याचं मला अजून कौतुक वाटतं.

हे सगळं बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे रोगच की. फक्त लागट नाही.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि एका अर्थाने ते बरोबरही आहे. कारण या झाडाची कमाई खरंच कमी असते. पानाचा बराच भाग अन्न तयार करण्याच्या कामाचाच नाही. त्यामुळे साध्या हिरव्या डॉगवुडपेक्षा ते सावकाश वाढतं, उन्हाचा चटका त्याच्या कडांना लवकर लागतो, आणि मधूनच ते आपल्या जुन्या वळणावर जातं. म्हणजे एखादा फुटवा सगळाच्या सगळा हिरवा निघतो. थर जागेवरून सरकले, आतल्या हिरव्या पेशी वरच्या थरात घुसल्या, की असं होतं. हिरवा फुटवा दिसायला तरतरीत, उंच, टवटवीत, आणि नवखा माणूस त्याला बघून खूश होतो. तो काढायचा, तोही लगेच आणि बुडापासून. टोक खुडून भागत नाही, उरलेल्या डोळ्यांतून हिरवंच फुटतं. राहू दिला तर त्याची कमाई पूर्ण असल्याने तो बघता बघता बाकीच्यांना झाकून टाकतो, आणि काही वर्षांत तुमच्याकडे साधं हिरवं डॉगवुड उरतं. पूर्ण पांढरा फुटवाही कधीतरी येतो. तो फार देखणा दिसतो, पण शेजारच्या हिरव्या पानांच्या जिवावर जगतो. मी तो ठेवते. बागेत एखादं ऐतखाऊ चालतं.

आता फुलं-फळं. वसंत सरता सरता फांद्यांच्या टोकांना चपटे, पांढरट गुच्छ येतात. एकेक फूल चार पाकळ्यांचं, तांदळाच्या दाण्याहून फार मोठं नाही. डॉगवुड म्हटलं की काहींच्या डोळ्यांसमोर ते मोठ्या पांढऱ्या ‘पाकळ्यां’चं झाड येतं, ते हे नव्हे. उन्हाळा उतरणीला लागला की त्याच गुच्छांत फळं भरतात. वाटाण्याएवढं फळ, आधी हिरवट, मग पांढरं, आणि नीट पाहिलं तर पांढऱ्यात निळसर झाक. देठाच्या विरुद्ध टोकाला एक बारीक काळसर ठिपका राहतो, तो फुलाचा अवशेष. चिरडलं तर पाणचट पांढरा गर आणि मध्ये एक टणक, जरा चपटी आठळी. आपण त्याला बेरी म्हणतो खरं, पण शास्त्राच्या हिशेबाने ते आंब्या-बोरासारखं आठळीचं फळ. आपल्या खाण्याच्या कामाचं नाही. पक्ष्यांच्या आहे, आणि ते आपली वाट बघत नाहीत.

एक कबूल करायला हवं, या बाबतीत चिठ्ठीवरचं चित्र फारच जवळून काढलेलं असतं. पांढऱ्या कडेच्या पानांमध्ये पांढरं फळ लांबून दिसतच नाही. खिडकीतून फळं बघायची हौस असेल तर हे झुडूप निराश करील. ते वाटेच्या कडेला लावायचं, जिथून जाताना आपली बाही त्याला घासते. थांबून, वाकून बघायची फळं आहेत ती.

फळ कमी धरतं अशीही तक्रार ऐकू येते. त्याचं एक कारण म्हणजे, ओळीने पाच एलेगँटिसिमा लावली तरी ती मुळात एकाच झाडाच्या काड्या आहेत. एकीचा पराग दुसरीवर गेला तरी तो घरचाच, आणि या गटातली डॉगवुडं स्वतःच्या परागावर फळ धरायला फारशी राजी नसतात. जवळपास वेगळ्या जातीचं एखादं लावलं तर झुबके भरतात. माझ्याकडे ‘स्पेथी’ त्यासाठीच आहे. खरं सांगायचं तर तिचा तो पिवळा-हिरवा भडकपणा मला फारसा आवडत नाही. तिला मागच्या बाजूला ठेवलंय.

फळ न येण्याचं दुसरं कारण कात्री, आणि ते पहिल्याहून कितीतरी मोठं.

डॉगवुडची साल लाल दिसते ती अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे. कोवळ्या काडीवर, पानं गळाल्यावर, ऊन लागलेल्या बाजूला तो रंग सर्वांत गडद. काडी जून झाली की साल करडी, भेगाळ होते. तेव्हा हिवाळ्यात लाल आग पाहिजे असेल, तर सगळ्या काड्या नव्या हव्यात. म्हणून हिवाळा संपताना, डोळे फुटायच्या आधी, झुडूप जमिनीपासून चार बोटांवर साफ कापायचं. पावसाळ्यातल्या गवतासारखे सरळ धुमारे उठतात, पानं नेहमीपेक्षा मोठी येतात, आणि पुढच्या हिवाळ्यात रंग बघून लोक थबकतात. यात खोट काहीच नाही. पण फुलाचा गुच्छ येतो तो गेल्या वर्षीच्या काडीवर फुटलेल्या कोंबाच्या टोकाला. ती काडीच तुम्ही कापून ढिगात टाकलीत. मग फूल कुठून येणार, आणि फळ कुठून?

यातला मधला रस्ता जुनाच आहे, फक्त तो वापरायला धीर लागतो. लावल्यानंतर पहिली काही वर्षं झुडपाला हात लावायचा नाही. नंतर दर वर्षी हिवाळ्याच्या शेवटी बुडाशी बसायचं, अक्षरशः मांडी घालून, आणि फांद्या एकेक करून बघायच्या. ज्या सर्वांत जाड, ज्यांची साल करडी पडली, त्या मुळापासून काढायच्या. एकूण फांद्यांच्या तिसऱ्या हिश्श्यावर जायचं नाही. त्यामुळे झुडपात कायम तीन वयांच्या फांद्या राहतात: यंदाच्या लाल, मागच्या वर्षीच्या फुलणाऱ्या, आणि त्याआधीच्या, म्हणजे पुढच्या खेपेला निघणाऱ्या. हिवाळ्यात रंग थोडा कमी दिसतो. पण उन्हाळ्यात फळ असतं, आणि झाडाची दमछाक होत नाही.

ही दमछाक मला महत्त्वाची वाटते. निरोगी हिरव्या डॉगवुडला दर वर्षी बुडापासून कापलं तर ते खुशाल सोसतं. आपल्या या अर्ध्या पगारावर जगणाऱ्या झाडाला दर वसंतात शून्यापासून घर बांधायला लावणं मला पटत नाही. ज्यांची सरसकट छाटणीतली व्हेरिगेटेड, म्हणजे दोन रंगांच्या पानांची, झुडपं मी पाहिली, ती हळूहळू बारीक होत गेलेली दिसली. छाटायचंच असेल सगळं, तर दोन-तीन वर्षांतून एकदा छाटा.

आणि कुंपणासारखी वरून सपाट कातरणी तर मुळीच नको. गुच्छ टोकाला येतात, कातरणी टोकंच नेते. उष्ण हवेत राहणाऱ्यांना हे दुरांटाच्या कुंपणावरून लगेच कळेल. ज्यांच्याकडे डॉगवुड तगत नाही (त्याला थंड हिवाळा लागतो, दमट उकाडा सोसत नाही), त्यांना पांढऱ्या कडेची पानं आणि फळं हवी असतील तर व्हेरिगेटेड दुरांटा चांगला. तो पानगळीचा नाही, पण निळी-जांभळी फुलं आणि नारिंगी फळांचे घोस देतो. फक्त ती फळं विषारी आहेत, लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर असेल तर विचार करून लावा. आणि कितीतरी ठिकाणी दुरांटाची कुंपणं वर्षानुवर्षं उभी असतात, पण त्याला फळं येतात हेच कुणाला ठाऊक नसतं. येणार कशी? माळी दर पंधरवड्याला टोकं उडवतो.

पानगळीच्या वेळी एलेगँटिसिमा फार थाट करत नाही. कडा गुलाबी होतात, मधलं हिरवं जरा तांबूस-जांभळट होतं, आणि एका वाऱ्यात सगळं खाली. पण तो तांबूसपणा कशासाठी असतो, यावर याच्या अमेरिकी चुलतबहिणीवर, रेड ओझिअर डॉगवुडवर, छान काम झालं आहे. फील्ड, ली आणि होलब्रुक यांनी २००१ मध्ये दाखवलं, की पान वाळण्याआधी झाड त्यातलं नायट्रोजनसारखं मोलाचं सामान काडीत परत ओढून घेत असतं, तेव्हा हा लाल रंग पानाला जास्तीच्या उजेडापासून आडोसा देतो. घर सोडताना सामान नीट आवरता यावं म्हणून लावलेला पडदा म्हणा.

थंडीचं तर विचारूच नका. याच रेड ओझिअरवर सी. जे. वायझर यांचं काम आहे, १९७० साली ‘सायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात आलेलं. दिवस लहान झाले की वाढ थांबते, मग गोठणाऱ्या रात्री काडीला आणखी कणखर करतात. अशा पूर्ण तयार झालेल्या काड्या उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवल्या तरी जगतात. ऐन वाढीतल्या कोवळ्या काडीला मात्र शून्याखालचे काही अंशही मारून टाकतात. म्हणून उन्हाळा उतरला की मी नत्राचं खत बंद करते. उशिरा आलेला कोवळा फुटवा तयार व्हायच्या आत थंडीत सापडतो.

बाकी काळजी फार नाही. ओल आवडते, मूळ जात नदीकाठच्या ओलसर जमिनीतली आहे. चिकणमातीही चालते. सकाळचं ऊन, दुपारनंतर आडोसा, ही जागा उत्तम. दुपारचं कडक ऊन आणि कोरडी माती एकत्र आली की पांढऱ्या कडा तपकिरी होऊन कुरकुरतात, आणि त्या पुन्हा भरून येत नाहीत. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं जाड आच्छादन ठेवावं, खोडाला न चिकटवता. ओल्या हवेत पानांवर जांभळट किनारीचे ठिपके पडतात. गळलेली ठिपक्यांची पानं उचलून टाकली आणि पाणी पानांवर न मारता बुडाशी दिलं की पुरतं. औषध मारायची वेळ क्वचित येते.

रोपं करायची तर बी पेरण्यात अर्थ नाही. बीला आधी दोन-तीन महिने ओल्या थंडीत ठेवावं लागतं, आणि एवढं करून कड मिळत नाही, कारण बी एकाच थराच्या पेशीतून घडतं. थरांची जोडी त्यात उतरत नाही. रोप निघालं तर सगळं हिरवं, नाहीतर सगळं पांढरं, आणि पांढरं रोप बीतली शिदोरी संपली की मान टाकतं. छाट कलम सोपं. जमिनीला टेकलेली फांदी असेल तर दाब कलम त्याहून सोपं, ती बऱ्याचदा आपणहून मुळ्या धरून बसलेली असते.

छाट कलमासाठी पानगळ झाल्यावर, जमीन गोठायच्या आधी, पहिल्या वर्षाच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या घ्याव्या. पण कुठल्या घ्यायच्या ते पानं असतानाच ठरवायचं, कारण नंतर सगळ्या काड्या सारख्याच लाल दिसतात. जिच्या प्रत्येक पानाला दोन्ही बाजूंनी सारखी, रुंद कड आहे तिला उन्हाळ्यातच सुतळीची गाठ मारून ठेवा. हिरवट फांदी नको, पूर्ण पांढरी तर नकोच, ती एकटी जगत नाही. वीत-सव्वा वीत लांबीचे तुकडे करा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा डोळ्याच्या वर आणि सरळ, म्हणजे काडी उलटी खोचली जात नाही. दोन तृतीयांश मातीत, बाकी वर, आणि माती पायाने दाबून घट्ट. वसंतात पानं फुटली म्हणून मुळ्या आल्या का ते उपटून बघू नका. ती पहिली पानं काडीतल्या साठ्यावर फुटलेली असतात, मुळ्या मागून येतात. पुढच्या पानगळीपर्यंत काड्या जागेवरून हलवायच्या नाहीत, आणि मधल्या कोरड्या आठवड्यांत पाणी चुकवायचं नाही.